डिस्ट्रिब्यूटरला बांधलेली तार

बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं जमली की निम्मी म्हणतात पेट्रोल बघा, आणि उरलेली न विचारता धक्का मारायला लागतात. उभ्या आयुष्यात मला एकही गिऱ्हाईक असं भेटलं नाही, की ज्यानं येऊन सांगितलं, "जाधवजी, जरा डिस्ट्रिब्यूटर बघा." बिचाऱ्याचं नावच कुणाला ठाऊक नसतं. म्हणून आमच्या जयपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा असा कुलकर्णीबाईंनी तगादा लावला, तेव्हा ठरवलं की लिहीन तर त्याच्याबद्दलच. "पण सगळ्यांना समजेल असं लिहा हं, काका," असं त्यांनी वर बजावलं. बजावायला काय जातंय. तरी प्रयत्न करतो.

पंगत बसलेली आहे आणि वाढणारा एकच आहे असं समजा. प्रत्येक पानापाशी तो ठरलेल्या क्रमानं जातो आणि नेमक्या वेळी एक पळी वाढून पुढे सरकतो. पान म्हणजे इंजिनाचा सिलिंडर, पळीतलं वाढप म्हणजे विजेची ठिणगी, आणि वाढपी म्हणजे हा डिस्ट्रिब्यूटर. काळ्या टोपीचा डबा, वर जाड वायरींचा जुडगा. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ दाबली जाते, ती पूर्ण दाबली गेली की ठिणगी पडायची, स्फोट व्हायचा आणि पिस्टन खाली ढकलला जायचा. एवढाच खेळ. पण ठिणगी जरा लवकर पडली, तर वर येणारा पिस्टन उलटा ढकलला जातो. उशिरा पडली, तर गाडी चालते, पण रडतखडत चालते, तापते आणि आतून जळते.

लवकर आणि उशीर, या दोन शब्दांवर माझा संसार झाला म्हणायला हरकत नाही.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. फौजेच्या वर्कशॉपात हात काळे करायला शिकलो, तिथून सुटलो आणि थोरले बंधू रेल्वेत होते म्हणून जयपूरला आलो. स्टेशनच्या मागे, बनी पार्कच्या तोंडाशी पत्र्याची शेड टाकली. पन्नास-साठच्या दशकातलं जयपूर म्हणजे जुन्या गाड्यांचं माहेर. जहागिऱ्या गेल्या होत्या, पण गाड्या गेल्या नव्हत्या. हवेल्यांच्या गाडीखान्यात त्या धूळ खात उभ्या असायच्या आणि अधूनमधून कुणाला तरी त्यांची आठवण यायची.

अशा गाडीचं इंजिन खोलून परत बांधणं सोपं नसतं, पण त्यात चूक झाली तर ती पटकन दिसते. खरी फजिती होते डिस्ट्रिब्यूटर परत बसवताना. पहिला पिस्टन वर आला की झालं, असं समजून लोक तो बसवतात. पण पिस्टन दोनदा वर येतो. एकदा वाफ दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. दुसऱ्या वेळी बसवलात तर वाढपी नेमका जेवून उठलेल्याच्या पानात वाढतो, आणि गाडी हूं की चूं करत नाही. त्यावर उपाय फुकटचा आहे. प्लग काढायचा, भोकावर अंगठा ठेवायचा आणि इंजिन हातानं फिरवायचं. हवेनं अंगठा उचलला गेला की समजायचं, हीच वेळ. मी फौजेत शिकलेल्या सगळ्या विद्येत ही अंगठ्याची विद्या मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

आणि चुकांचे प्रकार तरी किती. चांदपोलच्या एका मिस्त्रीनं बांधलेली गाडी माझ्याकडे ओढून आणली होती. सगळं जागच्या जागी, पण गाडी नुसती खोकायची. त्यानं वायरी डावीकडून उजवीकडे, प्रदक्षिणेच्या दिशेनं लावल्या होत्या, आणि त्या गाडीचा वाढपी फिरत होता उलटा. मी तसं म्हटल्यावर मिस्त्री दुखावला. म्हणाला, "जाधवजी, शुभ काम में उल्टा फेरा कौन देता है?" मी वायरी उलट्या लावल्या, गाडी सुरू झाली, आणि त्यानं कान धरून गाडीची माफी मागितली.

पण मला सांगायचंय ते गफूरभाईंबद्दल.

टोंक रोडला चाकसूच्या पुढे एक लहानशी जहागीर होती. तिथले ठाकूर वारले होते आणि घरची मंडळी बनी पार्कातल्या त्यांच्या बंगल्यात राहायची. घरात दोघंच. ठाकुरांच्या विधवा, ज्यांना सगळे माजीसा म्हणत, आणि त्यांचा एकुलता मुलगा. वडील गेल्यावर खरं तर तोच ठाकूर झाला होता, पण तोंडातली सवय जात नाही, लोक त्याला कुंवरसाच म्हणायचे. तिशीच्या आतला, सरळ माणूस, कुठल्याशा कचेरीत नोकरीला होता. चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. आणि तिसरे गफूरभाई, घरचे ड्रायव्हर. गाडीखान्याला लागून त्यांची खोली होती आणि त्यांची सगळी हयात तिथेच गेली होती.

गाडी होती अमेरिकन, सहा सिलिंडरची, उघड्या टपाची, मागच्या सीटला चारी बाजूंनी पडदे. माजीसा कडक पडद्यातल्या. परपुरुषासमोर येणं सोडाच, त्यांचा आवाजही कुणी ऐकलेला नव्हता. बसमध्ये त्या बसणार नाहीत, दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवणार नाहीत. वर्षातून एकदाच त्या घराबाहेर पडायच्या, होळीनंतरच्या शीतलाष्टमीला, चाकसूच्या शीतलामातेला. मुलगा लहानपणी देवीतून वाचला, त्याचा नवस होता तो. आणि गेली दोन वर्षं ते एकदाचं बाहेर पडणंही बंद झालं होतं, कारण रस्त्यात उकळून उकळून शेवटी इंजिन जाम झालं होतं.

कुंवरसा माझ्या शेडमध्ये आले ते स्पष्टच बोलले. "माजीसा की ज़िद है, इसलिए बनवा रहा हूँ. इस बार चाकसू पहुँच गई तो ठीक. नहीं पहुँची तो कबाड़ी को दे दूँगा." मग जरा थांबून म्हणाले, "गफूर चाचा भी अब बूढ़े हो गए. गाँव चले जाएँगे." त्या माणसाला दुष्टपणा ठाऊक नव्हता. गाडीवर होणारा खर्च त्याला दिसत होता, आणि आईसाठी एखादी लहान नवी गाडी घ्यावी असं त्याच्या मनात होतं. पण गफूरभाई दाराशी उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं. त्यांनी मला सलाम केला. उजवा हात कपाळापर्यंत वाकडाच आला. मी मनात म्हटलं, संधिवात असेल.

इंजिन मी हिवाळ्यात उतरवलं. आतली दशा बघून वाईट वाटलं. धूर बाहेर सोडणारा एकूण एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला. आणि डिस्ट्रिब्यूटर बघितला तेव्हा तर डोकंच फिरलं. तो उशिराच्या बाजूला पार टोकापर्यंत फिरवून ठेवलेला, आणि हलू नये म्हणून त्याला तारेचे वेढ्यावर वेढे. त्या काळच्या गाड्यांना स्टिअरिंगच्या मधोमध एक लहान दांडी असायची. ती वर केली की ठिणगी उशिरा पडायची, खाली ओढली की लवकर. गाडी सुरू करताना दांडी वर, चालायला लागली की खाली. या गाडीची दांडी होती, पण तिच्यापासून डिस्ट्रिब्यूटरपर्यंत जाणारी सळईच गायब. म्हणजे गाडी कायमची उशिरावर चाललेली. उकळणार नाही तर काय करणार?

आधीच्या मिस्त्रीच्या नावानं मी मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं हा आमच्या धंद्यातला पहिला विधी आहे, तो केल्याशिवाय पाना हातात घेता येत नाही. गफूरभाई शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते.

सिलिंडर बोअर करून आणले, नव्या रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह बसवले. तार कापून फेकली, नवी सळई घडवली आणि दांडीला जोडली. होळीनंतर इंजिन बंगल्यावर नेऊन गाडीत चढवलं. सेल्फ केव्हाच मेला होता, तो आता मिळण्यातला नव्हता, त्यामुळे गाडी हँडल मारूनच सुरू व्हायची. एकानं पुढून हँडल मारायचं आणि एकानं सीटवर बसून पेट्रोल सांभाळायचं. मी दांडी वर ठेवून हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली. दांडी हळूच खाली ओढली आणि इंजिनाचा आवाज असा मोकळा झाला की माझं मलाच बरं वाटलं. सांगानेरपर्यंत जाऊन आलो. रेडिएटरवर हात ठेवता येत होता.

दुसऱ्या दिवशी कुंवरसांचा निरोप. गाडी खेचत नाही, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, पाणी उकळलं.

गेलो. पॉइंट बघितले, कंडेन्सर बदलून बघितला, वायरींचा क्रम बघितला, प्लग काढून अंगठा ठेवला. सगळं बरोबर. मग दिसलं, डिस्ट्रिब्यूटर फिरलेला होता, उशिराकडे, आणि सळईची पिन निसटून पडलेली. नट सैल राहिला असेल, असं म्हणून मी परत लावला, आणि या खेपेला अणकुचीदार खिळ्यानं डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर आणि सळई जिला जोडतात त्या खालच्या पट्टीवर मिळून एक सरळ रेघ ओढून ठेवली. जरा जरी हलला तर रेघ तुटलेली दिसणार.

त्याच सुमारास दुसरं लचांड उभं राहिलं. माजीसांचे प्रश्न त्यांची दासी घेऊन यायची, आणि तिची ढूंढाडी बोली माझ्या डोक्यावरून जायची. म्हणून मी बायकोला, मालतीला, सोबत न्यायला लागलो होतो. तिची हिंदी निम्मी मराठी, पण आतल्या खोलीत त्या दोघींचं काय ते जमून गेलं होतं. त्या दिवशी मालती बाहेर आली ती चेहरा गंभीर करून.

"अहो, माजीसा विचारतायत, इंजिनात विस्तव असतो का?"

"असतो की. त्याच्यावरच तर चालतं."

"मग झालं," ती कपाळाला हात लावून म्हणाली.

शीतलाष्टमीला चूल पेटवत नाहीत हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको, आपल्याकडे श्रावणात शीतळासातमीला तेच. इथे आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं आणि अष्टमीला थंड जेवायचं. आजवर माजीसांना कुणी सांगितलंच नव्हतं की गाडी आगीवर चालते. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, पण इंजिनाबद्दल खोटं माझ्या तोंडून निघत नाही, त्याला इलाज नाही. आतून निकाल आला तो असा. आग सूर्योदयाआधी पेटवायची. चाकसूपर्यंत विझली नाही तर ती आदल्या दिवसाचीच धरायची. पण वाटेत विझली तर परत पेटवायची नाही. तिथूनच माघारी.

कुंवरसा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू विस्तव मीच शोधून काढला. "जाधवजी, रास्ते में एक बार भी बंद नहीं होनी चाहिए," एवढंच म्हणाले. म्हणजे उशिरावर चालणारी, सांगानेरलाच उकळणारी गाडी आता उपयोगाची नव्हती. टायमिंग चोख हवं होतं. नाहीतर माजीसांची वारी गेली, गाडी गेली आणि गफूरभाईंची खोलीही गेली.

अष्टमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेवटचं बघायला गेलो. बंगल्यात उद्यासाठी गोड पुए तळल्याचा वास सुटला होता. बॉनेट उघडलं. रेघ तुटलेली. डिस्ट्रिब्यूटर पुन्हा उशिरावर. आणि नट घट्ट.

नट आपोआप सैल होतो. आपोआप घट्ट होत नाही.

मी टायमिंग परत लावलं, "जेवून येतो" असं गफूरभाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, आणि फाटकाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं परत आलो तर गफूरभाई बॉनेटमध्ये वाकलेले. डाव्या हातात पाना, खिशातून तारेचं भेंडोळं बाहेर आलेलं.

माझा राग तुम्हाला ठाऊक नाही. शेडमधली माणसं त्याला वळवाचा पाऊस म्हणायची. मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. या घरचं मीठ खाता आणि त्याच घरची गाडी मारता, असंही म्हणालो. ते ऐकून त्यांनी पाना खाली ठेवला आणि उजव्या हाताची बाही वर सरकवली. मनगट मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं. इतकं वाकडं मनगट मी फौजेतही पाहिलं नव्हतं.

"हँडल लगा था," ते म्हणाले.

"दांडी खाली असताना हँडल मारलंत?" मी विचारलं. दांडी खाली म्हणजे ठिणगी लवकर, आणि ठिणगी लवकर म्हणजे इंजिन उलटं फिरून हँडल हातावर फेकतं. नवशिक्यालाही हे पहिल्या दिवशी शिकवतात.

"भूल गया था."

"गफूरभाई, काचेवर माशी बसली तरी तुम्ही पुसता. तुम्ही विसरणाऱ्यातले नाही."

ते गाडीच्या पायरीवर बसले. मीही बसलो. मग मला शपथ घालून त्यांनी सांगितलं.

कुंवरसा तेव्हा गुडघ्याएवढे होते. देवीतून नुकते उठलेले, अंगात नुसती हाडं. माजीसा मुलाला घेऊन पहिल्यांदाच चाकसूला निघाल्या होत्या आणि मागे पडद्यात बसल्या होत्या. पोर रडत होतं म्हणून गफूरभाईंनीच त्याला उचलून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः हँडल मारायला पुढे गेले. पोरानं चमकणारी दांडी बघितली आणि ओढली. हँडल उलटलं. हाड मोडल्याचा आवाज ओसरीवर उभ्या ठाकुरांनीही ऐकला.

"ठाकुर साहब का गुस्सा आपने नहीं देखा, जाधवजी. आपका तो कुछ भी नहीं है. चाबुक हाथ में ही रहता था. चिल्लाकर पूछा, डंडी किसने नीचे की? वह बच्चा मार खाने लायक था क्या? मैंने कह दिया, मैं ऊपर करना भूल गया."

"आणि कुणी बघितलं नाही?"

"परदे गिरे हुए थे. कौन देखता?"

वर्षभर त्यांना गाडीवरून काढून टाकलं होतं. दुसरा ड्रायव्हर ठेवला, हे नुसती गाडी पुसायचे. परत गाडी हातात आली तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते सळई काढून फेकण्याचं, आणि डिस्ट्रिब्यूटर उशिरावर फिरवून तारेनं बांधण्याचं. आता पोरानं दांडी कितीही ओढली तरी काही होणार नव्हतं. पोर मोठं झालं, ठाकूर गेले, तार मात्र तशीच राहिली. आणि आता मी सळई परत जोडताच ती जुनी भीती त्यांच्या मनात पुन्हा जागी झाली होती.

मग त्यांनी विचारलं, "आप उस दिन कह रहे थे, इसी तार से इंजन जला. सच है?"

मी हो म्हणालो. इंजिनाबद्दल खोटं बोलता येत नाही म्हटलं ना.

"मतलब गाड़ी मैंने मारी."

त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून माझा सगळा राग उतरला. ज्या गाडीवर त्यांचं घर टिकून होतं, तीच त्यांनी इतकी वर्षं आपल्या हातानं जाळली होती, आणि तेही एका पोराची पाठ वाचवायला. मी त्यांना म्हणालो, "गफूरभाई, व्हॉल्व्ह नवे मिळतात. मी टाकलेत. त्या पोराला काही झालं असतं तर ते कुठून आणणार होतो?" तारेचं भेंडोळं त्यांनी माझ्या हातात दिलं. टायमिंग मी परत लावलं आणि त्यांनी टॉर्च धरली.

जाताना मात्र म्हणाले, "कल डंडी पर कौन बैठेगा?"

"कोणीही बसेल. वर ठेवायची, हात लावायचा नाही, एवढंच तर आहे."

"हाँ," ते म्हणाले. "इतना ही तो है."

अष्टमीला पहाटे मी आणि मालती बंगल्यावर पोचलो. माजीसांनी मालतीला सोबत चल म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे ती आधीच पडद्याआड जाऊन बसली. पुए, राबडी आणि काल रांधलेलं सगळं डब्यांतून गाडीत चढलं. पूर्वेला जेमतेम फटफटत होतं. वेळ थोडा होता आणि कुंवरसांना तो फारच थोडा वाटत होता. ते येऊन थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसले. "चाचा, आप हँडल मारो, मैं पेट्रोल देता हूँ. फिर आप आ जाना." दरवर्षीची तीच पद्धत असणार. गफूरभाई पुढे जाऊन वाकले, हँडल बसवलं आणि डावा हात लावला. मी बॉनेटशेजारी उभा होतो. मी म्हटलं, हँडल मी मारतो. ते म्हणाले, "नहीं जी, आज मैं ही."

तेवढ्यात कुंवरसांचं लक्ष दांडीकडे गेलं. मी सळई जोडल्यामुळे ती कितीतरी वर्षांनी जिवंत झाली होती. "यह अब काम करती है क्या?" असं म्हणत त्यांनी तिच्यावर हात ठेवला. मी ओरडायला तोंड उघडलं. गफूरभाई वाकलेले, त्यांना सीटवरचं काही दिसत नव्हतं.

आणि मागून, पडद्याआडून, एक आवाज आला. म्हातारा, बारीक, पण एकदम स्पष्ट.

"बन्ना, उस डंडी से हाथ हटाइए. एक बार गफूर का हाथ तोड़ चुके हैं आप."

अंगणातले सगळे जागच्या जागी थिजले. तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गफूरभाईंनीही पहिल्यांदाच ऐकला असणार, आणि त्यांनी तर कितीतरी वर्षं माजीसांना फिरवलं होतं. ते हँडल सोडून हळूहळू उभे राहिले आणि पडद्याकडे बघायला लागले. मग भान आल्यासारखी त्यांनी मान खाली घातली.

पडद्याबाहेरून आतलं काही दिसत नाही. आतून बाहेरचं सगळं दिसतं. आम्ही पुरुष एवढी साधी गोष्ट विसरलो होतो.

कुंवरसांनी हात केव्हाच काढून घेतला होता. ते एकदा दांडीकडे, एकदा गफूरभाईंच्या बाहीकडे बघत राहिले. त्यांना काही आठवलं की नाही, मला ठाऊक नाही. गुडघ्याएवढ्या पोराला काय आठवणार? पण त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो. मग ते खाली उतरले, पुढे आले आणि गफूरभाईंच्या समोर उभे राहिले.

"चाचा, आप बैठिए. हँडल मैं मारूँगा."

"आपको नहीं आता, हुज़ूर. लग जाएगी."

"आप डंडी पर रहेंगे तो नहीं लगेगी."

गफूरभाई जाऊन सीटवर बसले. मी कुंवरसांना दाखवलं, हँडल मुठीत आवळून धरायचं नाही, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, खाली दाबायचं नाही, वर खेचायचं. उलटलंच तर हात सुटून येतो. पहिल्या खेपेला नुसतं फुस्स झालं. दुसऱ्या खेपेला इंजिन बोललं. गफूरभाईंनी दांडी इतकी हळू खाली आणली की आवाज कधी मोकळा झाला ते कळलंच नाही. आकाश उजळत होतं, पण सूर्य अजून वर आला नव्हता.

गाडी फाटकातून बाहेर पडली. मी रिकाम्या अंगणात उभा राहून ती बनी पार्कच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत ऐकत होतो. एकही ठोका चुकला नाही. त्या दिवसभर शेडमध्ये माझं कशात लक्ष लागलं नाही, रस्त्याकडून ओढत आणलेली गाडी येतेय का, एवढंच बघत बसलो. कुणी आलं नाही.

मंडळी त्या रात्री त्यांच्या गावच्या घरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी परतली. मालतीनं मला शिळा पुआ दिला आणि सांगितलं, गाडी चाकसूपर्यंत एकदाही थांबली नाही.

"आणि माजीसा?"

"सगळा रस्ता बोलत होत्या. मी विचारलं त्यांना, इतकी वर्षं गप्प का बसलात म्हणून. तर म्हणाल्या, ठाकूर असेतो मी बोलले असते तर त्यांनी पोरगं फोडून काढलं असतं, आणि गफूरभाईंनी हात मोडून घेतला तो फुकट गेला असता. ठाकूर गेल्यावर म्हटलं, गफूरचं खोटं आहे, त्याचं त्यालाच ठेवू द्यावं."

"मग आता का बोलल्या?"

"अहो, तुम्ही दांडी जोडलीत ना," मालती म्हणाली. "आता बोलल्या नसत्या तर दुसरा हात गेला असता."

गफूरभाई मला नंतर भेटले ते सलाम करायला आले तेव्हा. त्यांचा आनंद लपत नव्हता, पण मध्येच कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "इतने साल मैं उनसे छुपाता रहा, जाधवजी. और वे मुझसे छुपाती रहीं."

गाडी कबाड्याकडे गेली नाही आणि गफूरभाई गावी गेले नाहीत. त्या घराची लहान नवी गाडीही पुढे आली, पण अष्टमीला तीच जुनी निघायची. मी आता शास्त्रीनगरला मुलाकडे राहतो. डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाड्या दिसायच्या बंद झाल्या, आणि माझा मुलगा म्हणतो, आता ठिणगीची वेळ यंत्रच ठरवतं, माणसाला हात लावावा लागत नाही. बरंय. मला मात्र अजून अष्टमीची ती पहाट आठवते. जोवर गफूरभाई होते तोवर मी दरवर्षी जाऊन बघून यायचो. गफूरभाई दांडीवर हात ठेवून बसायचे, आणि कुंवरसा हँडल मारायला वाकण्याआधी एकदा मान वर करून त्यांच्याकडे बघून घ्यायचे.